सीडीवरून काढलेल्या लॉसलेस फायलींत टिकटिक येते तेव्हा : तपासण्यांचा क्रम आणि सॉफ्टवेअरची निवड

बेळगाव, शहापूर, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी घरांत सीडींचे डबे अजून जपून ठेवलेले आढळतात. त्यांत नाट्यसंगीत आणि अभंग असतात, शेजारीच कन्नड दासपदे असतात आणि धारवाडकडच्या गायकांचे ख्याल तर असतातच. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली इथल्याच सुळेभावीचा, त्यामुळे त्यांच्या सीडी विशेष अगत्याने घेतलेल्या असतात. सीडी प्लेअर बंद पडले, नव्या लॅपटॉपना ड्राइव्ह नसते, म्हणून हा साठा फ्लॅक या लॉसलेस, म्हणजे ध्वनीतले काहीही न गाळणाऱ्या, प्रकारच्या फायलींत उतरवण्याचे काम निघते आणि पाठोपाठ एकच तक्रार येते : फाइल लॉसलेस केली तरी मध्येच टिकटिक ऐकू येते, तेव्हा दुसरे चांगले सॉफ्टवेअर सांगा. सॉफ्टवेअरची नावे पुढे दिलेली आहेत. मात्र ज्यांनी ही तक्रार घेऊन दोन-तीन सॉफ्टवेअर पालटली, त्यांच्यापैकी बहुतेकांचा दोष जिथल्या तिथे राहिलेला मी पाहिला आहे, कारण तो डिस्कवर, ड्राइव्हमध्ये किंवा केबलमध्ये होता. वाचनात झालेली चूक सॉफ्टवेअर आपल्याला सांगते की मुकाट्याने पुढे जाते, या एकाच कसोटीवर त्याची निवड करावी, असे माझे मत आहे.

लक्षणे

प्रथम दोषाची जागा नोंदवावी. गाणे कोणते आणि कितव्या मिनिटाला टिक आली, हे कागदावर लिहून तेच गाणे पुन्हा रिप करावे, म्हणजे सीडीवरून संगणकात उतरवून घ्यावे. दोन्ही वेळा टिक त्याच सेकंदाला आली, तर दोष बहुधा डिस्कवर आहे. प्रत्येक वेळी ती जागा बदलत असेल, तर डिस्कला दोष देण्याआधी ड्राइव्ह, केबल आणि वीजपुरवठा पाहावा. पैसे न खर्चता होणारी ही सर्वांत उपयोगी चाचणी आहे, आणि तीच बहुतेक लोक वगळतात.

केवळ शेवटची दोन-तीन गाणी बिघडत असतील, तर लक्ष डिस्कच्या बाहेरच्या कडेकडे द्यावे. सीडीवरील ध्वनी आतल्या वर्तुळापासून बाहेर लिहिलेला असतो, त्यामुळे शेवटची गाणी कडेजवळ येतात. हाताळताना बोटांचे ठसे तिथेच पडतात आणि डिस्क किंचित वाकलेली असेल तर थरथरही तिथेच सर्वांत जास्त असते.

टिक फक्त दोन ट्रॅकच्या सांध्यावर येत असेल, म्हणजे विलंबित संपून द्रुत सुरू होताना, तर रिप ठीक असूनही वाजवणारे ॲप सांधा नीट जोडत नसण्याची शक्यता असते. मैफलीच्या सीडीत एकच राग दोन-तीन ट्रॅकमध्ये विभागलेला असतो आणि तिथे हा दोष ठळक जाणवतो. टिक कुठेच नाही, पण आवाज आरंभापासून अखेरपर्यंत बोथट आणि पाण्याखालून आल्यासारखा वाटतो, हे निराळेच लक्षण आहे. त्याचे मूळ सीडी कशापासून तयार झाली यात असते. आणि पेन ड्राइव्हवर प्रत्येकी एक किलोबाइटच्या फायली आल्या असून त्या वाजतच नसतील, तर रिपिंग झालेलेच नाही.

डिस्क कोणत्या जातीची आहे

हाताशी असलेल्या डिस्कला सारेच सीडी म्हणतात, पण या डब्यांत किमान तीन प्रकार मिसळलेले असतात. संगणकात डिस्क घालून फायलींची यादी उघडावी. सीडीए नावाच्या छोट्या फायली दिसल्या, तर ती खरी ऑडिओ सीडी आहे. विंडोजने दाखवलेल्या त्या फायलींत ध्वनी नसतो. प्रत्येक ४४ बाइटची असते आणि ट्रॅक कुठे सुरू होतो एवढाच पत्ता तिच्यात असतो. त्या पेन ड्राइव्हवर ओढून नेल्या तर काहीच हाती लागत नाही, वर सांगितलेले एक किलोबाइटचे लक्षण यातूनच येते.

यादीत एमपीथ्री फायली दिसल्या, तर ती डेटा डिस्क आहे. एका डिस्कवर शंभर-दीडशे गाणी मावलेल्या अशा एमपीथ्री सीडी २००० नंतरच्या दशकात बाजारपेठेत सर्वत्र मिळत. त्यांच्यावरून फ्लॅक करण्यात अर्थ नाही. फाइल मोठी होते, पण एमपीथ्री बनताना गेलेला ध्वनी परत येत नाही. या फायली जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात. एमपीईजीएव्ही नावाचे फोल्डर असेल, तर ती व्हीसीडी आहे. तिच्यातील आवाजही कमी केलेला, २२४ केबीपीएसचा असतो, त्यामुळे तिथेही लॉसलेसचा प्रश्न उद्भवत नाही.

चौथा प्रकार फसवा आहे. कोणीतरी एमपीथ्री गाणी ऑडिओ सीडीच्या स्वरूपात जाळून दिलेली असतात. संगणक तिला ऑडिओ सीडीच म्हणतो, रिप निर्दोष होते आणि आवाज तरीही बोथट राहतो. स्पेक नावाच्या मोफत प्रोग्रामात फाइल उघडली तर ध्वनीच्या कंपनांचे चित्र दिसते. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग सुरीने कापल्यासारखा सपाट गेलेला असतो. मात्र या चाचणीचा निवाडा जपून करावा, कारण अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांवरून सीडीवर घेतलेल्या जुन्या ध्वनिमुद्रणांत इतक्या उंच कंपनांचे संगीत मुळातच नसते. तिथे उतार हळूहळू येतो आणि वर तबकडीची खरखर पसरलेली दिसते; सरळ रेषेतला काप दिसला तरच संशय धरावा. अशा जुन्या मुद्रणातील मूळ तबकडीची टिकटिक ही रिपिंगची चूक समजून लोक तासन्‌तास घालवतात. तीच टिक कोणत्याही सीडी प्लेअरवर ऐकू येत असेल आणि तिच्या जोडीला सतत खरखर असेल, तर ती मुद्रणातच आहे असे धरून पुढे जावे.

पुसणे

ऑडिओ सीडीचे माप १९८० च्या रेड बुकमध्ये सोनी आणि फिलिप्स यांनी ठरवले : सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनेल. त्याचबरोबर चुका सुधारण्याची एक पद्धतही ठरवली गेली, आणि ती, ध्वनी ज्या वर्तुळाकार मार्गावर लिहिलेला असतो त्याच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा गेलेला भाग पूर्णपणे भरून काढू शकते. म्हणून आतून बाहेर, त्रिज्येच्या दिशेने गेलेला चरा फारसा त्रास देत नाही, कारण तो प्रत्येक वळणाला क्षणभरच आडवा येतो. वर्तुळाच्या दिशेने गेलेला चरा मात्र सलग मजकूर खातो. पुसण्याची दिशा याच कारणाने ठरते. स्वच्छ, मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे, गोल फिरवून कधीही पुसू नये.

आधी साधे शुद्ध पाणी वापरावे, मग लागलेच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांनी प्लास्टिक धुरकट होते. टूथपेस्टचा उपाय सर्वत्र सांगितला जातो. ती घासणारी वस्तू आहे आणि अननुभवी हाताने एका चऱ्याचे दहा होतात, म्हणून मी तो कोणालाही सुचवत नाही. खानापूर तालुक्यात, विशेषतः जांबोटी-कणकुंबीच्या पावसात, बंद डब्यातील डिस्कवर बुरशीचे पातळ पांढुरके जाळे धरते. ते वरवर असेपर्यंत पाण्याने निघते. मात्र पुसल्यावर डिस्क पूर्ण सुकू द्यावी आणि लगेच डब्यात बंद करू नये.

पुसून झाल्यावर डिस्क दिव्यासमोर धरावी. प्रकाशाचे ठिपके आरपार दिसले, तर परावर्तक थर तिथून गेला आहे. हा थर छापील बाजूच्या पातळ लाखेखाली असतो. आपण जिची काळजी घेतो ती चकचकीत बाजू १.२ मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकची असते आणि तुलनेने दणकट असते. तेव्हा छापील बाजूवरचा चरा अधिक धोक्याचा. त्या बाजूला कागदी चिठ्ठी चिकटवलेली असेल, तर ती सोलू नये, कारण तिच्याबरोबर थरही निघून येतो.

केबल, पोर्ट आणि वीज

बाहेरून जोडायच्या पातळ ड्राइव्हला फिरण्यासाठी आणि वाचण्यासाठी वीज यूएसबीतूनच मिळते. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देण्यास बांधील आहे आणि वेग घेताना काही ड्राइव्हना तेवढे पुरत नाही, यूएसबी ३.० पोर्ट ९०० मिलिअँपिअर देतो. ड्राइव्ह हबमधून किंवा डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टमधून चालवली जात असेल, तर ती मागच्या पोर्टला थेट जोडावी. वायर आखूड असावी. जागा बदलणारी टिकटिक, वाचन मध्येच थांबून पुन्हा सुरू होणे आणि ड्राइव्हचा फिरण्याचा आवाज चढ-उतार करणे ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली की मी दुसरे काही पाहण्याआधी पोर्ट बदलायला सांगतो. लॅपटॉप बॅटरीवर असेल, तर चार्जर लावावा. वीज जाण्याची वेळ असेल आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल, तर त्या वेळेत रिप सुरू करू नये.

सॉफ्टवेअर

येथे एक गोष्ट समजून घेतल्याखेरीज निवड करता येत नाही. डेटा सीडीच्या प्रत्येक २३५२ बाइटच्या खंडात उपयोगाचा मजकूर २०४८ बाइटच असतो; उरलेली जागा खुणा, पत्ता आणि चुका सुधारण्याच्या जादा सोयीसाठी राखलेली असते. ऑडिओ सीडीत मात्र २३५२ च्या २३५२ बाइट ध्वनीला दिलेल्या असतात. म्हणून डेटा डिस्कवर चरा असला तर फाइल उतरत नाही आणि संगणक स्पष्ट तक्रार करतो, तर ऑडिओ डिस्कवर तोच चरा असला तर ड्राइव्ह आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाजाने जागा भरते किंवा चुकीचे आकडे पुढे देते आणि रिप यशस्वी झाल्याचे दिसते. सीडी प्लेअरवर डिस्क ठीक वाजते हा युक्तिवाद याच कारणाने अपुरा आहे, कारण प्लेअरचे कामच अशा जागा झाकण्याचे असते. एका सेकंदात असे ७५ खंड येतात. त्यांतला एक बिघडला तरी टिक ऐकू येऊ शकते.

विंडोज मीडिया प्लेअर आणि ॲपलचे आयट्यून्स किंवा म्युझिक यांच्याबद्दलचा माझा आक्षेप यातूनच येतो. विंडोज मीडिया प्लेअर विंडोज १० पासून फ्लॅक करतो, आयट्यून्स ॲपल लॉसलेस करते आणि त्यात चूक सुधारण्याचा पर्यायही आहे. निर्दोष डिस्कवरून त्यांची फाइल उत्तम येते. पण काम झाल्यावर कोणत्या ट्रॅकच्या कितव्या सेकंदाला संशय आहे, असा अहवाल हे प्रोग्राम देत नाहीत, आणि अहवाल नसेल तर प्रत्येक गाणे कानांनी तपासण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

विंडोजवर एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्राम माझी पहिली पसंती आहे. १९९८ पासून चालत आलेला, घरगुती वापरासाठी मोफत. त्याच्या सिक्युअर मोडमध्ये प्रत्येक खंड किमान दोनदा वाचला जातो. वाचने जुळली नाहीत, तर तो सोळा-सोळाच्या तुकड्यांत पुन्हा वाचतो आणि सोळांपैकी आठ वाचने सारखी आली तरच ती मानतो. सर्वांत वाईट स्थितीत एकच खंड ८२ वेळा वाचला जातो. एकाच गाण्यावर रिप तासभर अडकली, तर प्रोग्राम बिघडलेला नसतो, तो हेच करत असतो. अखेरीस लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या लेखी अहवालात, ट्रॅक क्वालिटीची टक्केवारी आणि सस्पिशस पोझिशन म्हणून नेमका सेकंद येतो. तो सेकंद ऐकून पाहावा, सगळे गाणे ऐकण्याची गरज उरत नाही.

याच्या सेटिंगमध्ये दोन ठिकाणी लोक चुकतात. पहिले ठिकाण कॅशचे. ड्राइव्ह वाचलेला ध्वनी आपल्या स्मृतीत ठेवत असेल आणि प्रोग्रामला ते सांगितलेले नसेल, तर दुसरे वाचन डिस्कवरून न होता त्याच स्मृतीतून होते. दोन्ही जुळतात आणि तपासणी केवळ नावाला उरते. ड्राइव्हची तपासणी करणारा पर्याय एकदा चालवून तो जे सांगेल ते ठेवावे, आणि खात्री नसेल तर ड्राइव्ह कॅश करते असेच धरावे. दुसरे ठिकाण सी२चे. ड्राइव्हने स्वतः दिलेल्या या चूकसूचनेवर विसंबले की वेग वाढतो, पण सगळ्या ड्राइव्ह ही सूचना प्रामाणिकपणे देत नाहीत. जुन्या, चरे पडलेल्या डिस्कसाठी तो पर्याय बंद ठेवावा.

मॅकवर एक्सएलडी मोफत आहे आणि अहवालही देतो. लिनक्सवर व्हिपर घ्यावा. तो टर्मिनलमधून चालतो, हे ज्यांना नको त्यांना असंडर सोपा पडेल, पण त्याच्याकडून तितकी पडताळणी मिळत नाही. दोन्हींच्या पोटात सीडीपॅरानोइया हेच जुने वाचनयंत्र आहे. ते मूळ स्वरूपात चालवले, तर वाचन कसे चालले आहे हे हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांच्या चिन्हांनी सांगते, आणि त्या चेहऱ्यांवरून डिस्कची प्रकृती खरोखरच कळते. डीबीपॉवरॲम्प विकत घ्यावा लागतो. डिस्कची संख्या शेकड्यांत असेल, वाचनालयाचा किंवा मंडळाचा साठा असेल, तर त्याचे पैसे वसूल होतात. घरच्या एका डब्यासाठी तो खर्च करण्याची गरज मला वाटत नाही.

फाइलचा प्रकार निवडण्यात मात्र वेळ घालवू नये. फ्लॅक घ्यावा, आयफोनच वापरायचा असेल तर ॲपल लॉसलेस. दोहोंत ध्वनी तोच राहतो आणि एकातून दुसऱ्यात केव्हाही नेता येतो. फ्लॅकच्या ० ते ८ या पातळ्यांनी केवळ आकार आणि लागणारा वेळ बदलतो, टिकटिक कमी-जास्त होत नाही. जुन्या मोनो मुद्रणाची फाइल अपेक्षेपेक्षा बरीच लहान आली, तर घाबरू नये : दोन्ही चॅनेल सारखे असल्याने फ्लॅक एकच खऱ्या अर्थाने साठवतो.

आपल्या डिस्क यादीत सापडत नाहीत, त्याचे काय

वरच्या सर्व चांगल्या प्रोग्रामांबरोबर ॲक्युरेटरिप या सोयीचे नाव येते. जगभरच्या लोकांनी त्याच सीडीच्या केलेल्या रिपमधून निघालेली पडताळणीची संख्या आपल्या संख्येशी ताडून पाहिली जाते. अनेक अनोळखी लोकांच्या वेगवेगळ्या ड्राइव्हवरून तोच आकडा आला असेल, तर शंकेला जागा नाही. इंग्रजी किंवा गाजलेल्या हिंदी सीडीला हे उत्तर अर्ध्या मिनिटात मिळते. मराठी अभंगांची किंवा कन्नड दासपदांची डिस्क घातली, की बहुधा 'नोंद आढळली नाही' असा निरोप येतो, आणि इथेच लोक दोन चुकीच्या दिशांना जातात. काहींना वाटते की रिप बिघडली; काहींना वाटते की सॉफ्टवेअर निकामी आहे. नोंद नाही याचा अर्थ आपल्याआधी कोणी ही डिस्क तिथे पाठवलेली नाही, इतकाच. गाण्यांची नावे आपोआप न येणे ही तर आणखी वेगळी बाब आहे. ती यादी निराळी असते आणि तिचा ध्वनीच्या शुद्धतेशी संबंध नसतो. नावे हाताने टंकावीत. फ्लॅकमध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिपी नीट राहतात.

मग पडताळणी कशी करावी ? एग्झॅक्ट ऑडिओ कॉपीमध्ये टेस्ट अँड कॉपी असा आदेश आहे. तो प्रत्येक ट्रॅक संपूर्ण दोनदा वाचतो आणि दोन्ही वाचनांची सीआरसी, म्हणजे वाचलेल्या ध्वनीवरून काढलेली पडताळणीची, संख्या लॉगमध्ये लिहितो. यादीत नसलेल्या प्रत्येक डिस्कसाठी हाच आदेश वापरावा, वेळ दुप्पट लागला तरी. दोन्ही संख्या जुळल्या आणि ट्रॅक क्वालिटी १०० टक्के असली, तर मी ते गाणे मान्य करतो. संख्या जुळल्या नाहीत, तर कानाला टिक ऐकू आली नसली तरी ते गाणे बाजूला ठेवावे.

या पद्धतीत एक फट राहते, ती सांगितली पाहिजे. एकच ड्राइव्ह एकाच चऱ्यावर दर वेळी तीच चूक करू शकते, आणि दोन चुकीची वाचने एकमेकांशी जुळतात. म्हणून ज्या डिस्कवर चरा उघड दिसतो आहे, तिच्याबाबत दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर रिप करून तिची संख्या पहिलीशी ताडावी. त्याआधी दोन्ही ड्राइव्हचा ऑफसेट ठरवलेला असला पाहिजे. प्रत्येक मॉडेल ध्वनीचा आरंभ काही नमुने पुढे-मागे धरते, कोणी ६, कोणी ६६७, आणि हा फरक कानाला कधीही कळणार नसला तरी सीआरसी संख्या त्यामुळे पूर्ण बदलते. ऑफसेट ठरवण्याचा सोपा मार्ग असा : जगभर खपलेली एखादी सीडी मित्राकडून आणावी आणि ड्राइव्हमध्ये घालावी, ती ॲक्युरेटरिपच्या यादीत असली, की प्रोग्राम ऑफसेट आपोआप ओळखतो. हे एकदाच करावे लागते. अभंगांच्या डिस्कची पडताळणी करण्यासाठी इंग्रजी गाण्यांची सीडी उसनी आणावी लागते, ही गंमत मान्य केली पाहिजे.

यादीत पहिल्यांदाच नोंद झालेली दिसली आणि तिच्यापुढे १ हा आकडा असला, तर हुरळून जाऊ नये. ती काही दिवसांपूर्वी आपल्याच संगणकाने पाठवलेली असू शकते. दोन किंवा अधिक असेल तर भरवसा ठेवावा.

डिस्क क्यूटूल्स या रिपची पडताळणी करणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामाच्या यादीत असेल, तर आणखी एक लाभ होतो : त्या यादीत दुरुस्तीची माहितीही साठवलेली असते आणि थोडा भाग बिघडलेली रिप तिच्या आधारे घरबसल्या नीट करता येते. त्यासाठी पूर्ण डिस्क उतरवलेली हवी, निवडक गाणी चालत नाहीत.

वेग आणि दुसरी ड्राइव्ह

लॉगमध्ये दोष दाखवलेल्या गाण्यांपुरता वेग कमी करून पाहावा. वाजण्याच्या वेगाच्या आठपट किंवा चारपट पुरतो. वाकलेली, कडेला थरथरणारी डिस्क कमी वेगात लेसरला स्थिर सापडते. काही ड्राइव्ह अगदी मंद वेगात उलट अधिक चुकतात, म्हणून दोन-तीन वेग पाहून जो चांगला लॉग देईल तो ठेवावा.

दुसरी ड्राइव्ह विकत घेण्याआधी उसनी मिळवावी. अडगळीत गेलेल्या जुन्या डेस्कटॉपमधील पूर्ण आकाराची ड्राइव्ह लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हपेक्षा चरे पडलेल्या डिस्क पुष्कळदा चांगल्या वाचते, आणि संगणक दुरुस्तीच्या दुकानांत अशा ड्राइव्ह भंगाराच्या भावात पडून असतात. पूर्वी नीट वाचल्या जाणाऱ्या, स्वच्छ डिस्कही एखाद्या ड्राइव्हवर बिघडू लागल्या, तर दोष भिंगावरील धुळीचा असू शकतो. तबक बाहेर काढून रबरी ब्लोअरने हवा मारावी. ब्रश लावलेल्या क्लीनर डिस्क मी वापरत नाही, कारण अडकलेली धूळ त्या भिंगावरच घासतात.

डिस्क एमपीथ्रीची असून तिच्यातील फाइल उतरत नसेल, तर वर सांगितलेल्या रिपिंगच्या प्रोग्रामांचा उपयोग नाही. तिथे लिनक्सवरील डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम चालतो. ऑडिओ सीडीवर मात्र तो चालत नाही.

कुठे थांबावे

मधल्या छिद्रापाशी तडा गेलेली डिस्क ड्राइव्हमध्ये घालूच नये. वेगात फिरताना ती फुटते, ड्राइव्ह निकामी होते, आणि डिस्कही परत मिळत नाही. आरपार प्रकाश दिसणारी जागा ज्या गाण्यावर आहे, ते गाणे त्या डिस्कवरून मिळणार नाही. कोणत्याही सॉफ्टवेअरने किंवा पॉलिशने गेलेला थर परत येत नाही. विकत मिळणारे ध्वनिमुद्रण असेल, तर दुसरी प्रत शोधणे स्वस्त पडते.

ड्राइव्हचे आवरण उघडून चालू स्थितीत आत पाहू नये. सीडीच्या लेसरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर असते, ती डोळ्यांना जेमतेम दिसते, आणि इजा झाल्याचे त्या क्षणी कळत नाही. भिंग सरकवणारा भाग अडकला असेल, तर ड्राइव्ह बदलावी. दुरुस्तीचा खर्च नव्या ड्राइव्हच्या किमतीहून अधिक होतो.

चकचकीत बाजूवर खोल, वर्तुळाच्या दिशेचे चरे असतील आणि दोन ड्राइव्हवर प्रयत्न फसले असतील, तर यंत्राने पॉलिश करणाऱ्या व्यावसायिकाकडे जावे. त्यात प्लास्टिकचा पातळ थर घासून काढला जातो, म्हणून तो प्रयोग वारंवार करता येत नाही. ज्या गाण्यांची रिप आधीच जुळली आहे, ती पॉलिश करण्यापूर्वी सुरक्षित जागी उतरवून ठेवावीत.

घरी किंवा मंडळात जाळलेली एकुलती एक डिस्क, म्हणजे सप्ताहातले कीर्तन, आजोबांचे गायन, गावच्या नाटकाचे मुद्रण, यांचा नियम वेगळा आहे. तिच्यातील रंगद्रव्य उन्हाने आणि काळाने फिके होते. वाचनाचा प्रत्येक दीर्घ प्रयत्न तिला फिरवत, तापवत ठेवतो. पुसणे, पोर्ट बदलणे आणि दोन ड्राइव्हवर एकेक सिक्युअर वाचन, एवढ्यावर थांबावे आणि डिस्क ध्वनिमुद्रणे जतन करणाऱ्या किंवा डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे सोपवावी, मग त्यासाठी पुण्याला किंवा बेंगळुरूला पाठवावी लागली तरी. ती कुरिअरने पाठवण्यापेक्षा जाणाऱ्या माणसाबरोबर कडक डबीत द्यावी. सोबत आतापर्यंतचे सर्व लॉग, ड्राइव्हची मॉडेल नावे आणि डिस्क कशाने पुसली याची नोंद द्यावी, पॉलिश करण्यापूर्वी विचारावे असे लिहून द्यावे, आणि काम परत घेताना फ्लॅक फायलींबरोबर त्यांचाही लॉग मागून घ्यावा.